बेचाळीस चार्ट आणि एक गळका नळ

पत्र:

«मी इंदूरच्या एका खासगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत चौथीला शिकवते. वर्गात ४२ मुलं. मागच्या सत्रात 'जल संरक्षण' हा प्रोजेक्ट दिला होता. ४२ चार्ट आले. निम्म्यांवर एकच चित्र: नळाखाली धरलेला पृथ्वीचा गोळा. सगळ्यांत सुंदर चार्ट जिचा होता तिला मी विचारलं, 'हे ग्राउंडवॉटर रिचार्ज म्हणजे काय गं?' ती म्हणाली, 'मॅम, वो मम्मी को पता है।' आता आमच्या प्रिन्सिपल मॅडम म्हणतात, नव्या धोरणाप्रमाणे प्रोजेक्ट रिसर्चचे हवेत. नऊ वर्षांच्या मुलांनी रिसर्च करायचा म्हणजे नक्की काय करायचं? पोर्शन आहे, परीक्षा आहेत, डिसेंबरात प्रदर्शन आहे. की शब्द मोठा आणि मुलं लहान, असं म्हणून सोडून द्यावं?»
एक शिक्षिका, राजेंद्र नगर, इंदूर

ताई,

सोडून देऊ नका. पण विषय मात्र सोडा. 'जल संरक्षण' हा विषय चौथीतल्या मुलाचा नाहीच, तो एखाद्या खात्याच्या सचिवाचा आहे. त्यात नऊ वर्षांच्या मुलीनं करण्यासारखं काय उरतं? कापणं, चिकटवणं आणि स्केचपेननं बॉर्डर मारणं. बाकी सगळं आधीच छापून तयार आहे. तुमच्या शाळेजवळच्या स्टेशनरीवाल्याकडे जाऊन बघा, 'जल', 'वायू', 'पर्यावरण', 'स्वातंत्र्यसैनिक' असे चित्रांचे तक्ते दोरीला टांगलेले असतात. प्रोजेक्टचा दिवस जवळ आला की तो मुलाचं तोंड बघून तक्ता काढून देतो. आणि आता तर तिथवर जायचीही गरज नाही, मोबाईलला विचारलं की दोन मिनिटांत दोन पानं हजर. त्या मुलीच्या आईला दोष देऊ नका. रात्री अकरापर्यंत जागून तिनं तुमचा प्रोजेक्ट केलाय, आणि मुलीनं तुम्हाला खरं तेच सांगितलं.

प्रोजेक्ट देण्याआधी स्वतःला एकच विचारा: यातलं काही असं आहे का, जे हे मूल स्वतः जाऊन बघेपर्यंत कुणालाच माहीत नसेल? गाईडमध्ये नाही, मोबाईलमध्ये नाही, मम्मीला नाही आणि तुम्हालाही नाही. तुम्हाला उत्तर आधीच ठाऊक असेल तर तो स्वाध्याय झाला. स्वाध्यायही हवाच, पण त्याला थर्माकोल कशाला लागतो?

आता तुमच्याच विषयात राहून सांगते. तुमच्या शाळेत पाणी प्यायच्या जागी किंवा स्वच्छतागृहाशी एखादा नळ गळत असणार. इतकी वर्षं शाळा बघतेय, एकही गळका नळ नसलेली शाळा अजून भेटायचीय. मुलांना तिथे घेऊन जा आणि फक्त एवढं विचारा: हा नळ एका दिवसात किती पाणी गाळतो?

आधी अंदाज लिहून घ्या. कुणी म्हणेल एक ग्लास, कुणी म्हणेल हजार लिटर. हसू नका, लिहून घ्या, तेच आकडे पुढे कामाला येणार आहेत. मग नळाखाली वाटी ठेवा, दहा मिनिटं घड्याळ लावा आणि जमलेलं पाणी मापा. समजा ३० मिलिलीटर भरलं. तासाला १८०. त्याला चोवीसनं गुणलं की ४,३२०, म्हणजे दिवसाला चार लिटरांहून थोडं जास्त. हा गुणाकार चौथीचाच आहे, वेगळा तास काढायला नको.

खरी मजा पुढे आहे. दुसऱ्या गटाला ३० येणार नाही, ४५ येईल. लगेच भांडण: तुम्ही सांडलंत, तुमचं घड्याळ चुकलं. इथे तुम्ही गप्प राहायचं. ही पाच मिनिटं तुम्हाला जड जातील, हात शिवशिवतील, पण उत्तर देऊ नका. 'पुन्हा मापून बघा' एवढंच म्हणा. दोन-तीन दिवस वेगवेगळ्या वेळी मापलं की एखादीच्या लक्षात येईल, सकाळी गच्चीवरची टाकी भरलेली असताना नळ जोरात गळतो आणि दुपारी टाकी उतरली की हळू. का? हा प्रश्न तुम्ही दिलेला नाही, तो नळानं दिलाय. नऊ वर्षांचं मूल दोन वेगळे आकडे बघून 'असं का' म्हणतं, तेव्हा त्यानं रिसर्च केलेला असतो, ताई. प्रिन्सिपल मॅडमना जे हवंय ते हेच.

एखादा मुलगा घरून तेच कापलेलं चित्र घेऊन येईल, त्यावर 'गळक्या नळातून रोज इतके लिटर पाणी वाया जातं' असा आकडा ठोकून दिलेला असेल. त्याला हाकलू नका. वर्गाला विचारा, या आकड्यातला नळ कुठला? किती जोरात गळणारा? ते तिथे लिहिलेलं नसतं. डोळ्यांत औषध घालायच्या ड्रॉपरचे साधारण वीस थेंब म्हणजे एक मिलिलीटर, पण नळाचा थेंब त्याहून टपोरा असतो. म्हणजे नुसते थेंब मोजून भागत नाही, मापावंच लागतं. छापलेल्या आकड्याला 'कशावरून?' म्हणायला शिकलेलं मूल पुढे मोबाईलवर काहीही वाचलं तरी तेच विचारेल. निम्मं काम इथेच झालं.

मग त्या चार लिटरांचं करायचं काय? कुणाला तरी सांगायचं. बहुतेक शाळांत प्रोजेक्ट इथेच मरतो: मार्क दिले, चार्ट भिंतीवर, सुट्टी लागली की रद्दीत. तुमच्या मुलांनी शाळेच्या ऑफिसला पत्र लिहावं: अमुक नळ, रोज इतकं पाणी, आम्ही असं मापलं, कृपया दुरुस्त करावा. औपचारिक पत्र भाषेच्या पोर्शनमध्ये आहेच, एरवी 'तीन दिवसांची रजा मिळण्याबाबत' लिहून घेता, त्याऐवजी हे. पुढे प्लंबर येऊन वायसर बदलेल. मुलं बघतील कसा बदलतो ते, मग पुन्हा वाटी ठेवतील. नाही आला, तर पंधरा दिवसांनी स्मरणपत्र. तेही शिक्षणच, आणि आपल्याकडे फारच उपयोगाचं.

पुस्तकाची आणि इंटरनेटची वेळ आता येते. आपण नेमकं उलटं करतो, माहिती आधी देतो आणि प्रश्न कधीच नाही. वाटीतलं पाणी आलं कुठून, हे आता मुलांना खरंच हवं असतं. सांगा त्यांना, इंदूरच्या नळाला येतं ते बरंचसं पाणी नर्मदेचं. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर पाइपातून येतं, आणि सपाटीवरून नाही, खाली निमाडातून घाट चढून माळव्याच्या पठारावर. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर आहे, नर्मदेचं पात्र त्याच्या कितीतरी खाली. म्हणजे प्रत्येक वाटी पंपानं वर ढकलावी लागते आणि त्या विजेचं बिल येतं. नकाशात जलूद शोधू द्या, दोऱ्यानं अंतर मापू द्या. पर्यावरणाच्या पुस्तकातला पाण्याचा धडा यात आपोआप निघून जातो, आणि गळणारे चार लिटर कुठून कुठवर चढून आले होते हे मुलांना न सांगता कळतं.

आणि मग आजी. नर्मदेचं पाणी इंदुरात १९७८ साली आलं. त्याआधी शहराची भिस्त यशवंत सागर आणि बिलावलीसारख्या तलावांवर, विहिरींवर, बावड्यांवर. ते दिवस आठवणारी माणसं अजून तुमच्या मुलांच्या घरात आहेत, साठी-सत्तरीतली, दुपारी मोकळी असलेली आणि कुणी काही विचारत नाही म्हणून थोडी रुसलेली. त्यांच्याकडे जे आहे ते कुठल्याच मोबाईलमध्ये नाही.

पण नऊ वर्षांच्या मुलाला 'आजीची मुलाखत घे' म्हणून सोडून दिलंत तर ते विचारणार, 'आजी, पहिले पाणी कसं होतं?' आजी म्हणणार, 'खूप छान होतं रे बाळा.' संपली मुलाखत. विचारणं शिकवावं लागतं. एक तास त्यासाठी द्या. तुम्ही खुर्चीत बसा, अडेलतट्टू आजोबा व्हा आणि प्रत्येक प्रश्नाला 'हो', 'नाही', 'बरं होतं' एवढीच उत्तरं द्या. मुलं वैतागतील आणि आपोआप बारीक प्रश्नांवर येतील. तुम्ही चौथीत होता तेव्हा घरात पाणी कोण भरायचं? किती हंडे? उठायचं किती वाजता? पाणी कमी पडलं तर आधी काय बंद व्हायचं, अंघोळ की कपडे? असले चार प्रश्न कागदावर घेऊन गेलेलं मूल पाऊण तास आजीजवळून हलत नाही. 'कपडे नदीवर न्यायचो' असं आजी म्हणाली की पाचवा प्रश्न त्याचा त्यालाच सुचतो: कुठली नदी? आणि ते खान नदीचं नाव ऐकून खो खो हसतं, कारण त्यानं ती नदी फक्त पुलावरून, नाकाला रुमाल लावून बघितलेली असते.

मराठी घरांसाठी एक जास्तीचं. आजी मराठीत बोलणार, मूल शाळेत हिंदीत विचार करणार आणि रिपोर्ट लिहायचा इंग्रजीत. या तीन पायऱ्या उतरेपर्यंत आजीच्या बोलण्याचा चोथा होतो, 'इन ओल्डन डेज देअर वॉज वॉटर प्रॉब्लेम' एवढं उरतं. आजीचं एक तरी वाक्य जसंच्या तसं उतरवू द्या, देवनागरीत, अवतरण चिन्हात, शुद्धलेखन न बघता. हंडा, बंब, रहाट हे शब्द ज्या मुलाला येत नाहीत ते तिला विचारून शेजारी चित्र काढेल. घरी मालवी, सिंधी, गुजराती बोलणाऱ्यांनाही हेच सांगा.

आजी-आजोबा इंदुरात नसतील त्यांची सोय करा, नाहीतर चार मुलं हिरमुसून बसतील. शाळेतल्या मावशी आहेत, चौकीदार काका आहेत, व्हॅनवाले आहेत. शाळेची टाकी कधी भरते, उन्हाळ्यात टँकर कितीदा येतो, कुठला नळ कधीपासून गळतो, हे प्रिन्सिपल मॅडमना नाही, मावशींना माहीत असतं. मुलं वही-पेन्सिल घेऊन त्यांच्यासमोर बसली, 'मावशी, सांगा ना' म्हणाली, की वर्गातल्या कितीतरी गोष्टी बदलतात. त्या मी इथे लिहीत बसत नाही, तुम्हाला दिसतीलच.

हा झाला पहिला प्रोजेक्ट, सगळ्या वर्गाचा मिळून एक. पहिल्याच फेरीत ४२ मुलांना ४२ विषय देऊ नका, तुमचा जीव जाईल. पद्धत कळली की दुसऱ्या फेरीला चार-चार, पाच-पाच जणांचे दहा गट करा आणि प्रश्न त्यांचे त्यांना काढू द्या.

प्रश्न कुठून येणार? वर्गात एक डबा ठेवा, बुटांचा चालेल. आपल्याच मध्य प्रदेशात हे फार सुंदर झालेलं आहे. १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या, आता नर्मदापुरम म्हणतात तिथल्या, १६ शाळांत प्रयोग करून विज्ञान शिकवायला सुरुवात झाली. 'किशोर भारती' आणि रसूलियाचं 'फ्रेंड्स रूरल सेंटर' या संस्थांनी ते काम उभं केलं. पुढे १९८२ पासून 'एकलव्य'नं ते चालवलं, राज्यातल्या शेकडो शाळांत नेलं, आणि २००२ मध्ये सरकारनं ते बंद केलं. त्यात सवालीराम नावाचे एक गृहस्थ होते. म्हणजे नव्हतेच, कल्पनेतले होते, पण मुलं त्यांना पत्रं लिहून प्रश्न विचारायची आणि त्यांची उत्तरंही यायची. ते वर्ग सहावी ते आठवीचे, सरकारी शाळांतले, हाताशी सामान बेताचंच. सवालीरामचा डबा चौथीला का नाही चालणार?

आठ-दहा दिवसांत डब्यात हे असलं काय काय निघेल: शाळेची घंटा किती लांब ऐकू जाते? पोहे चपटे कसे होतात? राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी, असं का? छप्पन दुकान या खाऊगल्लीत खरंच छप्पन दुकानं आहेत का? अहिल्याबाईंची राजधानी तर महेश्वर होती, मग इंदुरात जिकडेतिकडे त्यांचं नाव कसं? भूत असतं का? वॉचमन काका दिवसा कधी झोपतात?

हे प्रश्न मुलांकडूनच निवडून घ्या: कुठले बघून किंवा मापून सुटतील, कुठले कुणाला तरी विचारून, आणि कुठल्यांना पुस्तकच लागेल. घंटेचा प्रश्न पहिल्यातला, मैदानाच्या टोकापासून गेटपर्यंत मुलं उभी करा, ऐकू आलं की हात वर. छप्पन दुकानचा तर रविवारच्या एका चकरेत सुटतो आणि पालकही खुशीनं जातात, कशासाठी ते सांगायला नकोच. पोह्यांचा विचारून सुटेल, उज्जैनला पोह्याच्या गिरण्या आहेत, कुणाचा तरी मामा-काका निघतोच. अहिल्याबाईंच्या प्रश्नाला पुस्तक लागेल आणि तुमची मदतही, पण 'अहिल्याबाई होळकर' यावर दहा ओळी उतरवण्यापेक्षा हा प्रश्न शंभरपट सरस आहे, कारण तो प्रामाणिक आहे. चौथीला पहिले दोन प्रकार भरपूर ठेवा, तिसरा कमी.

पुस्तकातून घ्यायचं तेव्हा एकच शिस्त: वाचायचं, पुस्तक मिटायचं, शेजारच्याला सांगायचं, मग लिहायचं. मूल उतरवून काढतं ते आळसानं नाही. वाचलेलं अजून कळलेलं नसतं, मग स्वतःच्या शब्दांत आणणार कुठून?

ठरलेले विषय वरूनच आले असतील तरी वाकवता येतात. सोलर सिस्टीम आली असेल तर थर्माकोलचे गोळे रंगवण्याऐवजी चंद्राची डायरी: अमावास्येनंतर दोन-तीन दिवसांनी सुरू करायची, रोज संध्याकाळी सात वाजता त्याच गॅलरीतून किंवा गच्चीवरून चंद्र कुठे दिसतो त्याचं चित्र काढायचं. पंधरवडाभरात चंद्र पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत मोठा झालेला त्यांच्याच वहीत दिसतो, आणि पौर्णिमेनंतर सात वाजता तो गायबच होतो, कारण रोज साधारण ५० मिनिटं उशिरा उगवतो. पावसाळ्यात देऊ नका, एवढंच. 'झाडांचं महत्त्व' आलं असेल तर प्रत्येक गटाला शाळेजवळचं एक झाड वाटून द्या, दर सोमवारी जाऊन बघायचं: कोवळी पानं, पिकली पानं, कळी, फूल, फळ. 'सीझनवॉच' नावाचा उपक्रम देशभरातल्या शाळांकडून हेच करून घेतो, त्यात नाव घातलंत तर तुमच्या मुलांची नोंद खऱ्या अभ्यासाला लागते.

स्वच्छतेचा विषय मात्र इंदुरात सांभाळून घ्या. २०१७ मध्ये स्वच्छ सर्वेक्षणात पहिला नंबर आला तेव्हापासून या शहरातल्या मुलांना त्याचं 'बरोबर' उत्तर तोंडपाठ आहे. ओला-सुका विचारा, घोषणा येईल. घोषणा येते तिथे प्रश्न उरत नाही. तरी करायचंच असेल तर मधल्या सुट्टीनंतर वर्गातल्या दोन डब्यांत चुकीच्या डब्यात गेलेल्या वस्तू रोज किती, ते आठवडाभर मोजा. नंबर वनचा अभिमान जरा खाली येईल आणि काम सुरू होईल. मग ओल्या कचऱ्याचं पुढे काय होतं हे सांगताना देवगुराडियाचा बायो-सीएनजी प्लांट, म्हणजे कचऱ्यापासून गाडीचा गॅस करणारा, निघू द्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला तेव्हा रोज ५५० टन ओला कचरा घेण्याची त्याची क्षमता होती. आपल्या डब्यातलं केळ्याचं साल तिकडे जातं हे ऐकून मुलं डोळे मोठे करतात.

पण घरचा कचरा मापून आणायला सांगू नका. घरात खोल्या किती, गाडी कुठली, डब्यात काय असतं, पाणी बोअरिंगचं की टँकरचं, असले प्रश्नही नकोत. तुमच्या वर्गात बंगल्यातलं मूल आहे आणि एका खोलीतलंही. तक्त्यावर नावानिशी आकडे लागले की कुणाकडे काय आहे आणि काय नाही ते सगळ्यांना दिसतं, आणि मुलं निर्दय असतात. मापायचं ते शाळेतलं, रस्त्यावरचं, सगळ्यांचं मिळून असलेलं. डब्यातला एखादा प्रश्न कुणाला बोचणारा असेल तर तो तुम्ही गुपचूप काढून घ्यायचा, तेवढी लबाडी चालते. रहदारी मोजायची असेल तर गेटच्या आत उभं राहून.

आता तुमच्या अडचणी. पोर्शनचं वर बोललेच, मापणं गणितात गेलं, पत्र भाषेत, नकाशा पर्यावरणात. आठवड्याला दोन तास, चार आठवडे. बाहेरून काही आणायचं नाही. घरी करायच्या गोष्टी दोनच, विचारणं आणि बघणं. लिहिणं, चित्र, जोडणं सगळं वर्गात, तुमच्या डोळ्यांसमोर. हे एवढं केलंत तरी आयांची रात्रीची जागरणं संपली. पालकांच्या ग्रुपवर आधीच लिहून टाका: «या प्रोजेक्टसाठी चार्टपेपर, थर्माकोल, प्रिंटआउट आणू नये. मुलाला न्यायचं-आणायचं, टेप धरायचा आणि विचारलं तरच स्पेलिंग सांगायचं. अक्षर वाईट असलं तरी त्याचंच हवं.» दोन पालक तरी चिडतील. ज्यांचे चार्ट दरवर्षी पहिले येतात तेच. चिडू द्या.

मार्कांचं मात्र मनावर घ्या, कारण मार्क कशाला ते मुलांना आणि पालकांना बरोबर कळतं. निम्मे मार्क कच्च्या वहीला. तीच, डाग पडलेली, पाण्यानं फुगलेली, ३० खोडून ४५ लिहिलेली, 'टाइम भूल गए' असं प्रामाणिकपणे नोंदवलेली. उरलेल्यांतले काही 'आधी काय वाटलं होतं, आता काय वाटतं' या दोन ओळींना, म्हणून सुरुवातीचे अंदाज जपून ठेवायला सांगितले. काही मार्क सांगण्याला. सजावटीला शून्य, आणि हे आधीच जाहीर करा. 'आम्हाला उत्तर मिळालं नाही, कारण रोज पाऊस होता' असं लिहिणाऱ्या गटाचे मार्क कापू नका. पहिल्या फेरीत एकाचे जरी कापलेत तरी दुसऱ्या फेरीत सगळ्या गटांची उत्तरं चोख येतील, आणि ती कशी येतात ते तुम्हाला ठाऊक आहे.

ज्यांना लिहिणं जमत नाही अशी पाच-सहा मुलं तुमच्या वर्गात असतीलच. गटात काम वाटून द्या, एकानं घड्याळ, एकानं वाटी, एकानं नोंद, एकानं चित्र, आणि दर खेपेला फिरवा. नोंदीची पाळी आली तर ते आकडाच लिहिणार आहे, निबंध नाही. असं मूल मापण्यात सगळ्यांच्या पुढे निघालेलं अनेकदा दिसतं. त्यात नवल नाही, घरी पाणी तेच भरत असतं.

प्रिन्सिपल मॅडमना सांगायला २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाचाच आधार घ्या. तिसरी ते पाचवी हा त्यातला एक स्वतंत्र टप्पा आहे आणि त्यासाठी खेळ, शोध आणि कृती यांतून शिकणं सांगितलंय. चार्ट हा शब्द त्यात शोधायला त्यांनाच सांगा. हे जरा गोड आवाजात.

राहिलं डिसेंबरचं प्रदर्शन. 'गुड मॉर्निंग रिस्पेक्टेड सर अँड मॅम, माय प्रोजेक्ट इज ऑन' हे पाठांतर या वर्षी बंद. टेबलावर तळाला बारीक भोक पाडलेली बाटली टांगा, खाली माप आणि घड्याळ. पाहुण्यानं आधी अंदाज लिहायचा, मग दोन मिनिटं स्वतः मापायचं आणि गुणाकारही त्यानंच करायचा, मुलं फक्त लक्ष ठेवतील. वजनदार पालकांचे गुणाकार चुकताना बघायला मुलांना काय आनंद होतो, ते बघाच. शेजारी कच्च्या वह्या उघड्या ठेवा, आजीची वाक्यं मोठ्या अक्षरात लावा, आणि ज्या आज्यांची वाक्यं आहेत त्यांना बोलवा. कुणी पाहुण्यानं अवघड काही विचारलं तर मुलानं 'हे आम्ही अजून बघितलं नाही' म्हणायचं. ते म्हणायची सवय आधी वर्गात करून घ्या, अंगात यायला वेळ लागतो, मोठ्यांनाही.

ता. क. मापाचे कप विकत आणायला सांगू नका. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर खुणा केलेलं झाकण येतं, घरोघरी दोन-चार पडलेली असतात. फक्त गरम पाण्यानं धुवून आणायला सांगा, नाहीतर वर्गात मुंग्या होतील. आणि त्या झाल्या म्हणून ओरडू नका, डब्यात पुढचा प्रश्न मुंग्यांचाच पडेल.